श्वसन–हालचाल समन्वय

श्वसन–हालचाल समन्वय : व्यायामातील हालचालींच्या टप्प्यांशी श्वास व उच्छ्वास यांचा मेळ घालण्याची पद्धती. बलवर्धक व्यायामात तसेच आजारानंतरच्या पुनर्वसनात तिचा अवलंब करतात. जोर लावताना श्वास सोडावा व अंग पूर्वस्थितीत आणताना तो घ्यावा, हा तिचा सर्वसाधारण नियम होय.

जड वस्तू उचलताना माणूस नकळत श्वास कोंडतो. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर यांसारख्या कापसाच्या पेठांत ओझे पाठीवर घेणाऱ्या हमालाचेही असेच होते. स्वरद्वार मिटून छातीचे व पोटाचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे वक्षगुहा व उदरगुहा यांतील दाब एकदम वाढतो. इटालियन शारीरविज्ञ आंतोन्यो व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. तिच्यामुळे पाठीच्या कण्यास आधार मिळतो. म्हणून कसलेले भारोत्तोलक ती क्षणभर मुद्दाम करतात आणि अतिशय जड भार उचलताना ती बहुधा टळतही नाही. परंतु तिच्यामुळे रक्तदाब झपाट्याने चढतो, नीलांतून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते व श्वास सोडताच भोवळ येऊ शकते. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीतील दाब मोजला असता, दोन्ही पायांनी भार ढकलताना तो सरासरी ३२०/२५० मिमी. पारा इतका भरला. निरोगी पटूंनी तो सोसला. हृदयविकाराच्या रुग्णास तो घातक ठरू शकेल. उदरगुहेतील वाढलेला दाब अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर भरत आलेल्या जखमेवरही ताण आणतो.

त्यामुळे असा हमाल कामावर परतण्यापूर्वी त्याला प्रथम साध्या हालचाली शिकवाव्या लागतात. खुर्चीत पुढे झुकताना श्वास घ्यावयाचा व उठताना सोडावयाचा. रुग्णास आकडे मोठ्याने मोजावयास लावणे, हा सर्वांत सोपा उपाय. बोलणाऱ्याचे स्वरद्वार घट्ट मिटलेले राहू शकत नाही. चिरकारी फुप्फुसविकारात जिना चढताना ओठांचा चंबू करून, श्वास घेण्यास लागलेल्या वेळाच्या सुमारे दुप्पट वेळ तो सावकाश सोडावा.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारातही हा मेळ असतो. सामान्यतः पाठ मागे वाकताना श्वास व पुढे वाकताना उच्छ्वास करतात. काही परंपरांत मध्ये कुंभक असतो. रक्तदाबाच्या रुग्णाने तो वगळावा. उड्डियानाचा प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात पूर्ण उच्छ्वासानंतर हवा आत न घेता छाती फुगवितात. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी केलेल्या प्रयोगांत, या वेळी पोटातील दाब वातावरणीय दाबाच्या खाली जातो, असे आढळले. श्वास येथेही रोखलेलाच असतो. दाबाचा परिणाम मात्र व्हालसाल्व्हा क्रियेच्या उलट असतो.