जुनी नाणी घासायची का?

देवघरातली तांब्याची भांडी काळवंडली, की आई त्यांना चिंच लावते आणि ती कशी लख्ख होतात! मग आजोबांच्या डब्यात सापडलेलं जुनं नाणं तसंच चमकवलं, तर बिघडलं कुठे? नाणी जमवणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर आहे – थांबा, घासू नका!

आपली शिवराईच घ्या. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. महाराजांनंतरही कितीतरी वर्षं शिवराई निघत होती. कुठे 'शिव', तर कुठे 'सिव'. कुठे वेलांटी पहिली, तर कुठे दुसरी. जाणकार अशा बारीक खुणांवरून नाण्याचा काळ ताडतात. शुद्धलेखनात वेलांटी चुकली, तर एखादा गुण जातो. नाण्यावरची वेलांटी घासली गेली, तर त्याची ओळखच जाते!

चांदीच्या रुपयाचंही तसंच. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पेहरावावर एक इवलासा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला! पुढच्या वर्षी चित्र बदललं. आता ही सोंडच झिजली, तर दोन्हींतला फरक दिसणार कसा?

घासल्यावर नेमकं होतं काय? तांब्याचा हवेशी संयोग होऊन नाण्यावर तपकिरी, काळपट थर चढतो. हा घट्ट थर आतल्या धातूला सांभाळतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल तो थर विरघळवतं. उघडं पडलेलं तांबं पुन्हा काळवंडतं, आपण पुन्हा घासतो, आणि दर वेळी थोडा धातू जातो. राख किंवा रांगोळीने तर ओरखडेच पडतात. भांडं जाड असतं, त्याला हे चालतं. नाण्यावरची अक्षरं मात्र नखाला जेमतेम लागतील एवढीच उंच! म्हणूनच संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतात.

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं आहे. त्याचा काळा दगड गोरा करायला कुणी पॉलिशपेपर घेऊन जाईल का?

मग माती लागलेली असली तर? सोन्याचं किंवा चांदीचं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा वेळ ठेवा आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपा. तांब्याचं नाणं मात्र तसंच राहू द्या. त्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर तो नाण्याचा आजार समजा. क्षार आणि ओलावा मिळून तो धातू पोखरतो. असं नाणं वेगळं, कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बदलापूर-अंबरनाथच्या पावसाळ्यात तर नाण्यांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नाणी ठेवू नका. त्याने ती चिकट, हिरवी होतात.

देवघरातल्या डब्यात शिवराई असेल, तर पुढच्या सणाला ती भांड्यांबरोबर घासायला जाण्याआधी बाजूला काढा. कडेने धरा, भिंगातून पाहा आणि वहीत लिहा : वेलांटी पहिली की दुसरी?