विश्लेषण : पोटाचा जुनाट आजार खरेच ‘टेन्शन’मुळे होतो?

विश्रांतवाडी चौकात सकाळी बसची वाट पाहणाऱ्या गर्दीत एखाद्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू असतो. येरवड्यापर्यंत स्वच्छतागृह कुठे आहे, कोंडीत अडकलो तर उतरायचे कुठे? अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स किंवा आयबीएस असलेल्यांचा हा रोजचा प्रश्न. घरी मात्र सल्ला एकच मिळतो, ‘टेन्शन घेऊ नकोस’.

तणावाने आजार होतो का?

कोलायटिस आणि क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि आतड्याला सूज येते, जखमा होतात. हे केवळ तणावाने होत नाही, त्यामुळे रुग्णाने आजार ‘ओढवून घेतला’ असे म्हणणे चुकीचेच. मात्र तणावाने त्रास वाढू शकतो. आयबीएसमध्ये तपासणीत जखम दिसत नाही. बिघडलेला असतो तो मेंदू आणि आतड्यांमधला संवाद. रिपोर्ट नॉर्मल आले तरी कळ खरीच असते.

पोटाला मनातले कसे कळते?

आतड्यांच्या भिंतीत १० कोटींहून अधिक मज्जापेशींचे जाळे असते आणि व्हेगस मज्जातंतू ते मेंदूशी जोडतो. परीक्षेआधी पोटात गोळा येतो, तो याच नात्यामुळे. अडचण पुढे सुरू होते. बसमध्ये एकदा फजिती होता होता वाचली, की पुढच्या वेळी बस दिसताच पोटात कळ येते. मग निघण्याआधी नाश्ता बंद, पाणी बंद. हळूहळू लग्नकार्येही बंद.

हे चक्र कसे तोडायचे?

तयारीने भीती कमी होते. वाटेतली स्वच्छतागृहे पाहून ठेवावीत, बॅगेत कपड्यांचा एक जोड असावा आणि ऑफिसमध्ये निदान एका सहकाऱ्याला आजार सांगून ठेवावा. हे सांगणेच अनेकांना सर्वांत जड जाते. दोन-तीन आठवडे खाणे, झोप, ताण आणि त्रास यांची नोंद ठेवली तर चहा, जागरण की बॉसचा फोन, नेमके काय बाधते ते कळते. कळ आली की पोट फुगवत श्वास घेऊन सावकाश सोडल्याने काहींना आराम पडतो. विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत आयबीएसमध्ये उपयोगी ठरली आहे. कोलायटिस, क्रोन्समध्ये ती जगणे सुसह्य करते, पण औषधाची जागा घेत नाही. बरे वाटते म्हणून औषध मनाने थांबवू नये. स्टिरॉइड तर अचानक मुळीच नाही.

जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांनी २००७ आणि २०२० मध्ये पद सोडले, त्यामागे कोलायटिस होता. मधली जवळपास आठ वर्षे मात्र त्यांनी उपचार घेत देश चालवला.

डॉक्टरांकडे कधी जावे?

शौचातून रक्त, घटणारे वजन, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा रक्तक्षय असेल तर लगेच पोटविकारतज्ज्ञांना दाखवावे. मूळव्याध समजून घरगुती उपाय करण्यात अनेकांचे महिने जातात. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून तपासणीशिवाय उपचार नकोत. मन खचले असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते.