बदकं काही मरेनात!

दिवाळीच्या आधी आम्ही औरंगपुऱ्यातल्या घराचा माळा आवरायला काढला. पितळी डब्यांच्या मागे एक पुठ्ठ्याचं खोकं सापडलं. आत काय असावं? १९९०च्या दशकातला आमचा टीव्ही गेम! दोन रिमोट, तीन पिवळ्या कॅसेट आणि प्लॅस्टिकची एक बंदूक.

आठवीतला भाचा सुट्टीला आलेलाच होता. त्याने पटापट वायरी नव्या टीव्हीला जोडल्या. बदकं उडाली. भाच्याने नेम धरला. ठो! बदक तसंच उडतंय. पुन्हा ठो! बदकं काही मरेनात आणि पडद्यावरचा कुत्रा मात्र खी खी हसतोय.

“मामा, तुमची बंदूक बिघडली वाटतं!”

बंदूक बिघडली नव्हती, बरं का. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे पाठीला पोक आलेला एक जुना टीव्ही आहे. त्याला गेम लावला, तर पहिल्याच फटक्यात बदक खाली! मग घोळ कुठे होता?

गंमत अशी, की या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट, प्रकाश तिच्या आत शिरतो. आत प्रकाश ओळखणारा एक छोटासा भाग असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आपल्या डोळ्यांना नुसती लुकलुक जाणवते. पण बंदुकीला तो पांढरा प्रकाश दिसला, की नेम बरोबर! जुन्या टीव्हीत काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने चित्र काढायचा आणि ते ताबडतोब उमटायचं. नवा टीव्ही चित्र आधी आत साठवतो, मग किंचित उशिरा दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळलेली असते!

ते नळीचे टीव्ही तर आपल्याच जिल्ह्यात बनायचे. भारतात रंगीत टीव्ही आला १९८२ साली. पुढे पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना चालू झाला, आणि औरंगाबादचे टीव्ही देशभर गेले. आज आपलं शहर छत्रपती संभाजीनगर झालंय, नळीचे टीव्ही भंगारात गेलेत आणि २०१८ साली ती कंपनीही कर्जापायी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आमचा गेमही अस्सल नव्हता म्हणा. अस्सल यंत्र निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानात काढलं. आपल्या बाजारात आल्या त्याच्या नकला. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’, पण आत तेच ते पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा! गेम लागला नाही, की आम्ही कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचो. खरं तर फुंकरीचा काही उपयोग नव्हता. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे तिचे टोक नीट टेकायचे, एवढंच. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट गंज धरायचा.

१९८५चा मारिओ आठवतो का? बाबांना विचारा! तो अख्खा गेम फक्त ४० केबीचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत १०० मारिओ! एवढ्याशा जागेत बसवायचं म्हणून त्या लोकांनी काय युक्ती केली? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र. फक्त रंग वेगळा!

भाचा हसला. “पण मामा, एवढ्याशा गेमचा कंटाळा नाही यायचा?”

“कंटाळा यायला पाळी तर आली पाहिजे! रिमोट दोन, पोरं आठ. आणि तीन जीव गेले, की खेळ खलास. वीज गेली तरी खलास. आईची मालिका लागली तरी खलास!”

भाचा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “आमचा गेम संपतच नाही. एक दिवस नाही खेळलं, तर बक्षीस जातं.” थोड्या वेळाने पुढचं बाहेर आलं. त्याने आईच्या फोनवरून गेममधली एक तलवार घेतली होती, ४९९ रुपयांची. आईला सांगितलं नव्हतं.

मी रागावलो नाही. त्याला एवढंच म्हटलं, “बंदुकीच्या आत काय आहे ते पाहिलंस ना? आता या गेमच्या आत बघ. आमची कॅसेट एकदा विकली की दुकानदाराचं काम संपायचं. तुझा गेम फुकट मिळतो. मग त्याची कमाई कशावर?”

त्याने विचार केला. “आम्ही परत परत येतो, त्यावर.”

बरोबर! रोजचं बक्षीस हा त्यातला पांढरा चौकोन. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. पण गेममधली तलवार विकत घ्यायची की नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

संध्याकाळी त्याने आईला सगळं सांगितलं. ताई आधी चिडली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी आधी विचारशील ना?” आणि त्याच्याकडूनच फोनमधली खरेदी पासवर्डशिवाय बंद करून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाणचक्की बघायला गेलो. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवायचं आणि फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी धान्य दळायचं, हे तिथलं जुनं यंत्र. भाचा पाण्याकडे बघत राहिला. “यात बरं आहे, मामा. कशानं काय फिरतं ते दिसतं तरी!”

दोस्तांनो, तुमच्या हातातल्या यंत्रात ते दिसत नाही. म्हणून विचारायचं. घरी माळ्यावर एखादं जुनं खोकं असेल, तर आई-बाबांना घेऊन उघडा. आणि ते काय सांगतात ते ऐकून झालं, की तुमचा गेम कसा चालतो ते त्यांना सांगा!