घरातले बारीक किडे : मारण्याआधी ते जन्मतात कुठे, ते पाहा

पावसाळा लागला की वस्तीत फिरताना आम्हाला एकच प्रश्न सारखा विचारला जातो : "ताई, घरात बारीक किडे लई झालेत, कोणतं औषध मारू?" आम्ही उलट विचारतो, किडे दिसतात कुठे? केळाच्या फणीवर, मोरीच्या तोंडाशी, पाण्याच्या टिपाडाभोवती, की भिंतीच्या भेगेत? हे चारही किडे वेगळे आहेत, त्यांच्या जन्माच्या जागा वेगळ्या आहेत. उडणारा किडा ही शेवटची पायरी. त्याची अंडी आणि अळ्या घरात किंवा घरालगत कुठेतरी असतात. फवाऱ्याने आज दहा मेले, तर आठवड्याने त्याच जागेतून वीस निघतात.

आधी सोपा किडा घेऊ. केळी, आंबे, टमाटे, खरकटं यांच्यावर घिरट्या घालणारी, बहुधा तांबूस डोळ्यांची बारीक माशी म्हणजे चिलट. ती चावत नाही. नासायला लागलेल्या, आंबलेल्या वस्तूवर अंडी घालते आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडायला लागते. भाजीची टोपली पूर्ण रिकामी करून तळ पाहा. तळाशी दबलेला एक कुजका कांदा सगळ्या घराला चिलटं पुरवतो. ओलं फडकं आणि खरकट्याची बादलीही पाहा. घंटागाडी दोन दोन दिवस येत नसेल तर ओला कचरा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उरलेल्या चिलटांसाठी एका ग्लासात दोन बोटं व्हिनेगर किंवा आंबलेलं गुळाचं पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि वर कागदाचा कोन करून बसवा, टोक खाली आणि टोकाला बारीक भोक. वासाने चिलटं आत उतरतात आणि लिक्विडमुळे पाण्यावर न टिकता बुडतात. ग्लास दोन दिवसांनी बदला, नाहीतर तोच त्यांचा पाळणा होतो. लेकरांच्या डोळ्यांपुढे घोंघावणारी घुंगुरटं मात्र वेगळी. ती डोळ्यांतल्या पाण्यावर येतात, म्हणून डोळे आलेल्या लेकराचं तोंड वेळोवेळी धुवा आणि त्याचा टॉवेल वेगळा ठेवा.

न्हाणीच्या भिंतीवर बसलेली करडी, केसाळ, पतंगासारखी बारीक माशी दिसते ती मोरीतली. तिच्या अळ्या पाइपाच्या आत जमलेल्या बुळबुळीत थरात वाढतात. खात्री करायची असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली आणि कडेने थोडी हवा जाईल अशी. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसतील. वरून फिनाईल ओतून हा थर निघत नाही. लांब दांड्याच्या ब्रशने पाइप आतून घासा, धुण्याचा सोडा टाकून गरम पाणी सोडा आणि आठवडाभर हे रोज करा. एक गोष्ट कधीच करू नका : मोरीत अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत तो जीवावर बेततो.

आता डास. यावर जास्त बोलायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. ज्या वस्तीत नळ रोज येत नाही, तिथे घरोघरी टिपाडं, रांजण, हंडे भरलेले असणारच. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास असंच साठवलेलं पाणी शोधतो. तो मुख्यतः गटारात नव्हे, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे "यांच्या वस्तीत घाण, म्हणून यांना डेंग्यू" हे आपल्याला ऐकवलं जातं ते चूक आहे. बंगल्यातल्या कूलरमध्ये आणि कुंडीखालच्या बशीत हाच डास निघतो. आपल्याकडे तो जास्त निघण्याचं एक मोठं कारण नळाचं वेळापत्रक आहे.

एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यातून निघालेल्या अळीचा डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. सल्ला बरोबर आहे, पण आठवड्याने नळ येणाऱ्या घराला भरलेलं टिपाड ओतून द्या, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आम्ही वेगळं सांगतो. घरात दोन टिपाडं असतील तर एकातलं पाणी आधी संपवा. ते रिकामं झालं की आतून काथ्याने किंवा ब्रशने भिंत खरखरून घासा, विशेषतः वरच्या काठाखालचा भाग. नुसतं विसळून अंडी निघत नाहीत. मग दुसऱ्यातलं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून त्यात गाळून घ्या. फडक्यात वळवळणाऱ्या अळ्या येतील, त्या नालीत झटकू नका, कोरड्या उन्हात झटका. पाण्याविना त्या मरतात. पाणी एक थेंब वाया जात नाही. शेवटी तोंडावर कापड ताणून सुतळीने बांधा. नुसतं ठेवलेलं झाकण डासाला पुरेशी फट ठेवतं.

मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात आणि हिवताप कार्यालयाकडे चौकशी केली तर मिळतात. आरोग्य कर्मचारी वापराच्या पाण्यात अबेट टाकायला आला तर वासामुळे त्याला परत पाठवू नका. ते ठरलेल्या मापात, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत, सुरक्षित मानलं जातं. विहारातला पाण्याचा माठ आणि गच्चीवरची टाकीही या कामात धरा. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे नेमके डासांचे महिने, आणि त्याच दिवसांत ग्रंथवाचनाला संध्याकाळी सगळी वस्ती तिथे बसलेली असते. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि मावळतीच्या सुमारास जास्त. दुपारी झोळीत झोपलेल्या बाळाला मच्छरदाणी हवी ती यासाठी.

"शील घेतो आपण, मग डास मारायचा का?" असं एखादी आजी वंदनेनंतर विचारते. अंडीच घालू दिली नाहीत तर मारायची वेळ कमी येते, असं आम्ही सांगतो, आणि आजीला ते पटतं.

ताप आला तर घरी फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या इतर गोळ्या देऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, सुस्ती, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला सरकारी दवाखाना गाठा.

मातीच्या भिंती आणि गोठा असलेल्या घरांत आणखी एक किडा असतो, वाळूमाशी. डासापेक्षा लहान, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी. चांदीपुरा नावाचा मेंदूज्वर लेकरांना तिच्यामुळे होतो. हा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा इथे सापडला, आणि २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याने लेकरांचे बळी घेतले. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकातून ही माशी आत शिरते. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, शेण-कचरा घराला लागून ठेवू नका, लेकरांना जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा. ताप आणि झटके एकत्र आले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

शेतमजुरी करणाऱ्या घरांत कापसाच्या, सोयाबीनच्या फवारणीतलं उरलेलं औषध येतं आणि तेच डास-माश्यांवर मारलं जातं. हे आम्हाला सगळ्यात जास्त भिववतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या रानात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. दहा बाय दहाच्या खोलीत तेच औषध काय करेल? पाण्याच्या बाटलीत तर ते मुळीच काढून ठेवू नका. लेकरू चुकून प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका, औषधाची बाटली किंवा चिठ्ठी सोबत घेऊन दवाखान्यात जा. बाजारातली डासांची अगरबत्तीही पाहून घ्या : पाकिटावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती आणू नका. कॉइल लावून दारं-खिडक्या बंद करू नका, दमेकऱ्याला आणि तान्ह्या बाळाला तो धूर सोसत नाही.

उरली उघडी नाली. तिथल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि तो हत्तीरोग पसरवतो. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत मोडतात, म्हणून त्या गोळ्या आल्या की घरातल्या सर्वांनी खा. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांनी मात्र नाही. धूरफवारणीची गाडी फक्त त्या वेळी उडणारे डास मारते, नालीतल्या अळीला तिचं काहीच होत नाही. यावर काय करता येतं ते हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने दाखवलं. तिथे घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत जिरवलं, आणि उघडं पाणीच उरलं नाही तेव्हा डास हटले. पुढे ही पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली गेली. खड्डा साधारण चार फूट लांब-रुंद-खोल, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, आणि बोअर किंवा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. गावात हे काम रोजगार हमीतून होतं, ग्रामपंचायतीकडे मागणी करा.

शहरातल्या दाट वस्तीत खड्ड्याला जागा नसते. तिथे नाली महापालिकेनेच वाहती ठेवायला हवी. महिला मंडळाच्या नावाने अर्ज लिहा : कोणती गल्ली, नाली कुठून कुठपर्यंत तुंबली, शेवटची कधी काढली, तापाचे किती रुग्ण आहेत, नळ किती दिवसांनी येतो. अर्ज वॉर्डाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. ती प्रत विहाराच्या फलकावर लावा, आणि पंधरा दिवसांत नाली निघाली नाही तर तिच्याच झेरॉक्ससह पुढचा अर्ज आयुक्तांच्या नावाने टाका.