वक्फ न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेला तर?

चाकण, भोसरी पट्ट्यात कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. आता कब्रस्तानच्या किंवा दर्ग्याच्या वक्फ जागेचा वाद झाला तर जायचं कुठे? साधारणपणे दिवाणी न्यायालयात नाही, वक्फ न्यायाधिकरणात. १९९५च्या कायद्यात तिथे एकच न्यायाधीश होते. २०१३च्या दुरुस्तीने तीन सदस्य झाले. पण निकालावर अपील नव्हतं, उच्च न्यायालय फक्त फेरतपासणी करायचं. २०२५च्या दुरुस्तीने अपिलाचा हक्क दिला. मुदत ९० दिवस. हा हक्क समोरच्या पक्षालाही आहे, म्हणून जिंकलो तरी गाफील राहू नये. मुतवल्ली आणि जमातीच्या मंडळींनी निकालाची प्रत हातात पडली ती तारीख लगेच लिहून ठेवावी. सातबारा, वक्फ नोंदणीचे कागद एकाच फाईलमध्ये ठेवावेत. तारीख चुकली, तर हक्क असूनही दार बंद होऊ शकतं.