गाडी चावीला काय विचारते?

२०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात किआ आणि ह्युंदाईच्या गाड्या धडाधड चोरीला जाऊ लागल्या. चोर म्हणजे बरेचदा मिसरूडही न फुटलेली पोरं, आणि हत्यारं म्हणजे एक स्क्रूड्रायव्हर आणि यूएसबी केबलचं टोक. टिकटॉकवर व्हिडिओ फिरले आणि हे लोण देशभर पसरलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी उपाययोजना जाहीर केली, तोवर या प्रकारात किमान आठ जणांचे जीव गेल्याची नोंद अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याकडे झाली होती.

सीमेपलीकडे कॅनडात याच कंपन्यांच्या गाड्यांवर ती युक्ती चालत नव्हती. कॅनडाने २००७ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर सक्तीचा केला होता. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती, म्हणून स्वस्त मॉडेलमधून तो वगळला गेला. २०१५ सालच्या गाड्यांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांमध्ये इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता. या दोन कंपन्यांच्या बाबतीत हे प्रमाण होतं फक्त २६ टक्के.

इमोबिलायझर म्हणजे गाडीने चावीची घेतलेली तोंडी परीक्षा. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं वेटोळं असतं, ते सुमारे १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि त्यातूनच चिपला वीज मिळते. मग गाडी एक यादृच्छिक आकडा पाठवते. चिप त्या आकड्यावर आपल्याजवळच्या गुप्त संख्येने गणित करते आणि उत्तर परत पाठवते. गाडीने स्वतः केलेल्या गणिताशी ते जुळलं, तरच इंजिनला इंधन मिळतं. गुप्त संख्या हवेतून कधीच जात नाही आणि प्रश्न दर वेळी नवा असतो, त्यामुळे जुनं उत्तर चोरून ऐकलं तरी त्याचा उपयोग नसतो. दात कापून केलेली डुप्लिकेट चावी दार उघडेल, पण इंजिन ढिम्म राहील.

अर्थात गणितच तोकडं असेल तर परीक्षा फोल ठरते. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तेव्हा कोट्यवधी चाव्यांत असलेली एक चिप फोडून दाखवली. तिची गुप्त संख्या ४० बिटांची होती, म्हणजे शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण समांतर चालणाऱ्या यंत्रांना त्या सगळ्या तपासायला तासभरही लागला नाही. प्रत्येक वाढीव बिटामागे शक्यता दुप्पट होतात, म्हणून आता १२८ बिटांची संख्या वापरतात. ती अशी चाळून काढणं कुणाच्याच आवाक्यात नाही.

मग चोरांनी गणिताचा नाद सोडला आणि गाडीच्या एका समजुतीला हात घातला. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी खिशातच राहते. गाडी कमी वारंवारतेची साद घालते, ती जेमतेम दीड-दोन मीटरपर्यंत पोचते. चावीला ती ऐकू आली की ती जास्त वारंवारतेवर उत्तर देते. साद ऐकू आली म्हणजे चावी जवळच असणार, असं गाडी गृहीत धरते. रात्री गाडी खाली पार्किंगमध्ये आणि चावी दाराजवळच्या कप्प्यात असते. एक जण गाडीपाशी उभा राहून तिची साद पकडतो, ती दाराबाहेरच्या साथीदाराकडे जाते आणि तिथून चावीला ऐकवली जाते. बिचारी चावी अगदी बरोबर उत्तर देते! गुप्त संख्या शाबूत राहते, गणितही अचूक ठरतं आणि तरीही गाडी जाते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली होती. दहाही मॉडेलं या युक्तीला फसली.

यावरचा खरा उतारा भौतिकशास्त्रात आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. रेडिओ लहरींचा वेगही तोच. चावी २० मीटर दूर असेल, तर सिग्नलला जाऊन-येऊन ४० मीटर कापावे लागतात आणि त्याला सुमारे १३३ नॅनोसेकंद लागतात. मधल्या चोराने सिग्नल कितीही जोरकस केला तरी त्याला प्रकाशापेक्षा वेगाने पळवता येत नाही. अल्ट्रा-वाइडबँड प्रकारच्या नव्या चाव्यांत गाडी हा वेळच मोजते. उत्तर बरोबर असलं तरी उशिरा आलं, तर दार उघडत नाही. काही कंपन्यांनी चावीत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला आहे. चावी काही वेळ स्थिर पडून राहिली की ती झोपते आणि कुणाच्याच सादेला ओ देत नाही. हे दोन्ही उपाय महागड्या मॉडेलांपुरते राहू नयेत. चावी धातूच्या जाळीच्या पाकिटात ठेवा, हा सल्ला उपयोगी आहे आणि मीही तो देईन, पण कंपनीने अर्धवट ठेवलेलं काम ग्राहकाने रोज रात्री पुरं करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. पाकीट घेतलंच तर एकदा पारखून घ्या. चावी आत बंद करून गाडीजवळ जा आणि दाराचं हँडल ओढून पाहा. दार उघडलं तर पाकीट कुचकामी आहे.

२०२२ मध्ये लंडनमध्ये मोटारींच्या संगणकीय सुरक्षेवर काम करणाऱ्या एका संशोधकाचीच गाडी चोरीला गेली आणि चोरीची आणखी एक तऱ्हा उजेडात आली. चोरांनी पुढच्या दिव्याच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरकाव केला होता. हे कॅन नावाचं जाळं बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलं. ब्रेक, दिवे, दारं, इंजिन यांचे छोटे संगणक त्यावर एकमेकांशी बोलतात, पण निरोप कुणी पाठवला याची शहानिशा त्यात नाही. चाळीच्या चौकातून ‘पाणी आलं!’ अशी हाक आली की कोण ओरडलं हे न विचारता घरोघरच्या बादल्या नळाखाली लागतात, तसंच. ‘चावी तपासली, बरोबर आहे’ असा खोटा निरोप तारेवर पडला आणि गाडीने तो मानला. चावीची परीक्षा झालीच नाही. चाळीस वर्षांपूर्वी गाडीच्या आत कुणी परका शिरून बोलेल, असं कुणाच्या मनात आलं नसेल. आज मात्र निरोपावर सही असणं आवश्यक आहे, आणि नव्या पिढीच्या काही गाड्यांत ते सुरू झालं आहे.

अशा वेळी स्टिअरिंगचं किंवा गिअरचं जाडजूड लोखंडी कुलूप पुन्हा कामाला येतं. ते कोणत्याच खोट्या निरोपाला भुलत नाही, कापायलाच लागतं, आणि कापायला वेळ लागतो, आवाज होतो. मात्र दिसणारं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे वळवतं, न दिसणाऱ्या उपायाचा फायदा सगळ्यांना होतो. आयर्स आणि लेव्हिट या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लोजॅक या लपवलेल्या रेडिओ ट्रान्समीटरचा अभ्यास केला. कोणत्या गाडीत तो आहे हे चोराला कळत नसल्याने चोऱ्या एकंदरच कमी झाल्या. तो बसवणाऱ्याच्या पदरात एकूण फायद्याचा दहा टक्क्यांहून कमी वाटा पडत होता, बाकीचा गावाला. पैसे एकाने भरायचे आणि लाभ दहांनी घ्यायचा असेल, तर फार लोक पुढे येत नाहीत. म्हणूनच युरोपीय संघाने १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि नंतर कॅनडाने हा प्रश्न ग्राहकाच्या मर्जीवर न सोडता नियम केला.

गाडी पळवल्यावर चोरापुढे वेगळीच अडचण उभी राहते. आता गाडीची ओळख पुसायची असते. प्रत्येक गाडीच्या चासीवर १७ अंक-अक्षरांचा क्रमांक ठोकलेला असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, कारण त्यांची एक आणि शून्याशी गल्लत होते. सुरुवात ‘एमएटी’ असेल तर गाडी टाटा मोटर्सची, ‘एमए३’ असेल तर मारुती सुझुकीची. आपल्याकडे टोळ्यांची एक नेहमीची चाल आहे. अपघातात ‘टोटल लॉस’ ठरलेल्या गाडीचे कागद आणि सांगाडा विकत घ्यायचा, त्याच मॉडेलची गाडी पळवायची आणि तिचा क्रमांक घासून त्या जागी मेलेल्या गाडीचा क्रमांक ठोकायचा.

पण पोलाद सहजासहजी विसरत नाही. अंक ठोकताना खड्डा पडतोच, शिवाय खड्ड्याच्या खालचे धातूचे कणही दबून वेडेवाकडे होतात. वरचा खड्डा घासून सपाट केला तरी खालचा दबलेला थर उरतो. मुंबईत कलिनाला आहे तशा न्यायसहायक प्रयोगशाळांत तो वाचण्याचं काम चालतं. तज्ज्ञ रंग काढून ती जागा बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी चकचकीत करतात. मग कापसाचा बोळा फ्राय अभिकर्मकात, म्हणजे क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणात, बुडवून हलकेच फिरवतात. दबलेल्या धातूवर आम्लाची क्रिया निराळ्या गतीने होते, आणि गुळगुळीत पत्र्यावर हळूहळू एखादा तीन, मग आठ उमटू लागतो. दिसला की लगेच फोटो घ्यायचा, कारण क्रिया पुढे गेली की तो पुन्हा पुसट होतो. घासणारा फार खोल गेला असेल किंवा तिथे वेल्डिंग केलं असेल, तर मात्र हाती काही लागत नाही.

जुनी गाडी घेताना ही ओळख खरेदीदारालाही पडताळता येते. आरसीवरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचा. त्याभोवती ताजा रंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर ती गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, ते पाहता येतं. उच्च सुरक्षा नंबरप्लेटवर लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि तिचं स्नॅप लॉक एकदाच बसतं. तिथे साधे स्क्रू दिसले तर विचारा.

आणि गाडी गेलीच, तर आधी ११२ ला फोन आणि एफआयआर, मग त्याच दिवशी विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा. एफआयआर वेळेत असेल, तर केवळ कळवायला उशीर झाला म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी तो वाद ओढवून घेऊ नका. तपास लागला नाही तर पोलिसांची ‘ए समरी’ (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही, असा अहवाल) आणि गाडीच्या दोन्ही चाव्या कंपनी मागते, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे ते आजच पाहून ठेवा. निव्वळ थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. फास्टॅग घाईने बंद करू नका. गाडी टोलनाक्यावरून गेली तर नाक्याचं नाव आणि वेळ तुमच्या मोबाइलवर येईल. तो मेसेज लगेच तपास अधिकाऱ्याला पाठवा.