नवख्या गावातला ग्राहक (लेखांक ६) : शिर्डीत पूजेचं ताट घेण्याआधी

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत परराज्यांतून आलेल्या कामगारांना गावाकडच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य कसं मिळतं, ते गेल्या लेखात पाहिलं. आज शिर्डी.

आंध्र, तेलंगण, तमिळनाडूतलं कुटुंब गाडीतून उतरतं न उतरतं तोच एक जण पुढे येतो. गाडी इथंच लावा, पैसे नकोत, दर्शन लवकर करून देतो, असं पाहुण्यांच्या भाषेत चार शब्द जुळवून सांगतो. शिर्डीत यांना पॉलिशवाले म्हणतात. तो नेतो ठरलेल्या दुकानात, कारण तिथल्या विक्रीवर त्याचं कमिशन असतं. चपला ठेवून होईपर्यंत ताट भरायला सुरुवात झालेली असते: शाल, नारळ, हार, पेढे, वर एखादी तसबीर. भाव कुणी सांगत नाही. देवाच्या वस्तूला घासाघीस कशी करायची, म्हणून पाहुणेही विचारत नाहीत. आकडा कळतो तो शेवटी. श्रद्धेच्या आडून होणारी ही लूट मला मापातल्या पापाहून वाईट वाटते. पोलीस अधूनमधून कारवाई करतात, पण हा प्रकार पुरता थांबलेला नाही.

मुळात साईबाबांचं दर्शन मोफत आहे. सशुल्क पास हवा तर तो संस्थान स्वतः देतं आणि संस्थानच्या प्रसादालयात जेवणही मोफत मिळतं. त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

आता पेढ्यांचं बघा. सुटे पेढे तोलताना काट्यावर आधी रिकामं खोकं ठेवून आकडा शून्यावर आणायला सांगा. नाहीतर पुठ्ठ्याचे पैसे पेढ्याच्या भावाने जातात. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे, ती तारीख लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. हैदराबादपर्यंत प्रसाद न्यायचा तर ती बघायलाच हवी. बंद पाकिटावर एमआरपी, निव्वळ वजन आणि उत्पादकाचा पत्ता हवा.

परगावच्या गिऱ्हाईकाला फसवणं सोपं जातं, कारण ते तक्रारीसाठी परत येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने हीच पळवाट बुजवली. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. शिर्डीतल्या खरेदीची तक्रार वरंगळला बसून होऊ शकते. मुदत दोन वर्षांची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तेलुगू-तमिळमध्येही बोलता येतं.

मात्र हातात बिल हवं. मागूनही बिल न देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मोबाइलवरून पैसे भरले असतील तर त्याची नोंद राहते, ती जपून ठेवावी. तरी कोणती वस्तू काय भावाने घेतली, हे बिलच सांगतं.

शिर्डीला निघालेले पाहुणे तुमच्याकडे उतरत असतील, तर निघण्याआधी त्यांना एवढं जरूर सांगा: ताटातल्या प्रत्येक वस्तूचा भाव आधी विचारा, बिल घ्या आणि १९१५ हा क्रमांक मोबाइलमध्ये भरून ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : सोन्यावरचा हॉलमार्क कसा तपासावा)